बिनशब्दांची बाजू

११ जानेवारी १९८८, सोमवार. वालूर.

पुन्हा वही उघडली. शेवटची नोंद कार्तिकातली आहे : 'उद्या विमलला परभणीला दवाखान्यात न्यायचे. आकाश स्वच्छ.' पुढची पानं कोरी आहेत. ती तशीच सोडून इथून लिहितो.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून पोरीला ताडकळसहून आणलं होतं. मुलगी झाली, पण रडली नाही. नाळ गळ्याभोवती होती. कोणाचा दोष नाही. विमल शुद्धीवर आली तोवर सगळं आटोपलं होतं. मीच आटोपलं.

तेव्हापासून पोर बोलत नाही. म्हणजे 'हो', 'न्हाई', 'जेवले' एवढं बोलते. मी चौतीस वर्षं मराठी शिकवलं. तोंडातून शब्द न फुटणाऱ्या पोरांना फळ्यासमोर उभं करून कविता म्हणायला लावल्या, आणि ती म्हणाली. घरच्या पोरीपुढे मात्र माझी मात्रा चालेना.

आज सकाळी तिच्या खाटेशी बसून तीन कविता म्हटल्या, अर्थासह. ती भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून ऐकत होती. डोळे मिटणं हे एकाग्रतेचं लक्षण. तेवढ्यात मनकर्णा आतून ओरडली, "अहो, तिला जरा पडू द्या की! सकाळधरून काय शाळा भरवलीय?"

आमच्या सौभाग्यवतींना काव्याचं वावडं पहिल्यापासून.

१५ जानेवारी, शुक्रवार

पेठेत बन्सीधरचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. माझाच विद्यार्थी. दहावीला मराठीत दोनदा गचकला, पण हात सोन्याचा. त्याच्यापाशी मन मोकळं केलं. तो म्हणाला, "गुरुजी, घरात टेप पायजे. खामोश घर लय वाईट." कोणी तरी दुरुस्तीला टाकून तीन वर्षं फिरकलंच नाही असा एक टू-इन-वन त्याने फळीवरून काढला, फडक्याने पुसला आणि माझ्या हातात दिला. आत एक कॅसेट होती, तीही राहू दिली.

घरी येऊन पाहिलं तर कॅसेटच्या कागदावर उभी उभी अक्षरं, भिंतीवरून मुंग्यांची रांग उतरावी तशी. चित्रात निळं तळं, काठाला दगडी दिवा, माणूस एकही नाही. खाली थोडं इंग्रजी होतं. विमलने कागद माझ्या हातातून घेतला आणि वाचलं, "जपान. प्रोग्रेसिव्ह रॉक. इन्स्ट्रुमेंटल." मग म्हणाली, "म्हंजे नुस्ती वाद्यं हायेत अण्णा. गाणं न्हाई."

दोन महिन्यांतलं तिचं सर्वात लांब वाक्य!

रॉक म्हणजे खडक. प्रोग्रेसिव्ह म्हणजे प्रगतिशील. 'प्रगतिशील खडक' असं मी मोठ्याने म्हटलं आणि हसलो. ती हसली नाही. पण कागद खाली ठेवला नाही.

१८ जानेवारी, सोमवार

आज त्या कॅसेटची एक बाजू पुरती ऐकली. लिहून ठेवतो, कारण असलं काही मी जन्मात ऐकलेलं नाही.

आधी पाणी ठिबकल्यासारखं. मग एक घंटा, फार लांबची, कोणी वाजवून निघून गेल्यासारखी. मग पेटी, पण ही पेटी एवढी मोठी की सेलूच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मावणार नाही. तिच्यावरून एक तार रडत वर चढते, आणखी वर, आता तुटणार असं वाटतं तोच ढोल कोसळतात. मनकर्णा ताकाची रवी सोडून बाहेर आली. "अगं बाई, गिरणीचा पट्टा तुटला का काय!"

मी गाणाऱ्याची वाट पाहत होतो. एक बाजू संपायला बावीस मिनिटं लागली. सबंध बाजूला एकच चीज आणि गाणारा आलाच नाही. मांडव घातलाय, वाजंत्री लागलीय, वऱ्हाड बसलंय आणि नवरदेवाचा पत्ता नाही!

विमल टेपच्या अगदी जवळ, गुडघ्यांत हनुवटी खुपसून बसली होती.

१९ जानेवारी, मंगळवार

बन्सीधरकडे कॅसेट नेली. म्हटलं, "बघ रे, ह्यातला गळा पुसला गेलाय. वाद्यं तेवढी उरलीत."

त्याने ऐकली. म्हणाला, "काई पुसलं न्हाई गुरुजी. ह्यात गाणाराच न्हाई."

"असं कसं होईल? गाणारा नाही तर एवढा साज कोणासाठी?"

"आपल्यासाठीच की," म्हणाला आणि कुणाचा तरी पंखा उघडायला घेतला. मराठीत नापास झाला तो उगाच नाही.

निघताना विचारलं, ह्या यंत्रात आपला आवाज भरता येतो का? त्याने कॅसेटच्या पाठीवरची दोन भोकं दाखवली. विकतच्या कॅसेटचे कान तोडलेले असतात, म्हणून लाल बटण दबत नाही. तिथे कागदाचा बोळा बसवला की दबतं. ज्ञानात भर पडली.

२४ जानेवारी, रविवार

विमल रोज दुपारी तीच बाजू लावते. दुपारची लाईट जाते, म्हणून सेलवर. सेल उतरले की ढोल म्हशीसारखे चालायला लागतात. मग ती सेल काढते आणि ओट्यावर, तुरीच्या डाळीच्या शेजारी उन्हात मांडते. तासाभराने परत घालते. दुपारभर ती सेलची पाठ फिरवते आणि मनकर्णा डाळीची. दोघींचं एकमेकींशी बोलणं नाही, पण काम एका लयीत चालतं.

मी खोलीत गेलो की ती टेप बंद करते. माझा मान राखते बिचारी. आजही बंद केली, तेव्हा ती संधी साधून एका जुन्या कवितेचं रसग्रहण केलं. पाऊण तास मन लावून ऐकलं तिने. मधे एकदा म्हणाली, "झालं का अण्णा?" म्हणजे पुढचं ऐकण्याची उत्सुकता होती.

३१ जानेवारी, रविवार

आज ती बाजू भिंतीपलीकडून ऐकली. ओट्यावर बसलो होतो, आत टेप चालू होता. मी आलोय हे तिला ठाऊक नव्हतं.

निजामाच्या राज्यातली आमची शाळा आठवली. सगळं उर्दूत. मौलवीसाहेब फारसी बैत, म्हणजे दोन ओळींचे शेर, म्हणायचे, डोळे मिटून, पुढे-मागे डुलत. आम्हां कुणब्यांच्या पोरांना एका शब्दाचा मतलब कळायचा नाही. तरी एकदा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मौलवीसाहेबांनी पाहिलं आणि विचारलं, "क्या समझे?" मी म्हटलं, "कुछ नहीं." ते म्हणाले, "बैठो. ठीक समझे."

पन्नास वर्षं झाली. का आठवलं कोण जाणे. पण बैताला शब्द तरी होते. ह्याला तेही नाहीत.

२ फेब्रुवारी, मंगळवार

जे कोणाला सांगितलं नाही ते इथे लिहितो.

बाळ येण्याआधी काही करायचं नसतं. टोपडं शिवायचं नाही, पाळणा आणायचा नाही. मनकर्णेने सुईत दोरा ओवला नव्हता. कोणी विचारलं तर म्हणायची, "बघू, येईल तवा."

मी आश्विनात पाळणागीत लिहिलं. बारशाला म्हणायचं म्हणून नऊ कडवी लिहिली. चोरून, ह्याच वहीच्या मागच्या पानांवर.

*निंबाच्या फांदीला बांधिला झुला,*
*गोदेच्या वाऱ्याने हलविला तुला...*

नावाची जागा मोकळी सोडली होती, चार मात्रांची. नाव काहीही ठेवलं तरी बसावं म्हणून.

मी सुशिक्षित माणूस आहे. नाळेचा आणि नऊ कडव्यांचा संबंध नाही, हे मला कळतं. दवाखान्यातून मागच्या दाराने निघालो तेव्हाही कळत होतं. तरी ती पानं फाडायला हात जात नाही आणि उघडायलाही.

७ फेब्रुवारी, रविवार

व्याही आले होते, व्यंकटराव. एसटी स्टँडवर विद्यापीठाच्या नावावरून पुन्हा घोषणा रंगवल्यात, त्यावर थोडं बोलणं झालं. चहा झाला. मग बशी खाली ठेवून म्हणाले, "गुरुजी, दुःख आमालाबी हाय. पर सून किती दिवस माहेरी ठिवायची? लोक इचारायलेत."

मी म्हटलं, "पोर अजून सावरली नाही. बोलत नाही."

"तिकडं बी बोलू नगं म्हणावं. कोण बोल म्हनायलंय? होळीच्या आत पाठवा. घरात बाया पोराचं दुसरं लगीन बघायच्या गोष्टी करायल्यात. मी थोपवायलोय, पर मी म्हातारा मानूस, किती थोपवू?"

वाईट माणूस नाही. जाताना विमलच्या दाराशी उभे राहून "येतो बरं का बाई" म्हणाले आणि उत्तराची वाट पाहत उगीच धोतराचा सोगा झटकत राहिले.

होळी तीन मार्चला आहे. महिनासुद्धा नाही. अशी दगडासारखी पोर त्या घरात पाठवली तर तिचं काय होईल? त्याआधी तिला बोलती केली पाहिजे.

दुपारी तीच माझ्याजवळ आली. उभीच राहिली. म्हणाली, "अण्णा, तुमी नेलं होतं ना तिला?"

  उमलण्याआधी गळणाऱ्या कळ्यांवर माझीच एक जुनी रचना आहे, ती म्हटली. सहा कडवी, शेवटचं दोनदा. तिने शेवटपर्यंत ऐकली. मग आत गेली आणि टेप लावला.

कवितेने धीर आला असावा.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

सुचलं! इतके दिवस कसं सुचलं नाही?

ती बाजू आता मला पाठ झालीय. बोटांवर मोजली. ढोलाच्या भागात सात-सात मात्रा पडतात, मधेच पाच, हिशेब लागत नाही. पण नवव्या मिनिटानंतर सगळं शांत होतं. ढोल थांबतात, एकटी बासरी आणि ती थोरली पेटी, आणि चाल अशी की पाळणा हलावा. माझी पाळण्याची ओळ तिथे चपखल बसते. जणू त्या जपान्याने जागा सोडून ठेवली होती.

विमलचं दुखणं हेच असणार. तिला सूर सापडला, शब्द सापडले नाहीत. शब्द माझ्याकडे आहेत. ते त्या सुरावर ठेवले की बांध फुटेल, पोर रडेल, बोलेल.

आधीच्या तासाचं गणित फळ्यावर राहिलं असलं तरी मी त्यावरच कविता लिहीत असे. दोन्ही दिसतात. पोरं बरोबर आपलं तेवढं वाचतात. तसंच हे.

१४ फेब्रुवारी, रविवार

दोघी शेजारच्या कडूबाईकडे पापड लाटायला गेल्या होत्या. विमलला मनकर्णेने ओढूनच नेलं.

कॅलेंडरच्या जुन्या पानाचा कपटा घेऊन भोकात बोळा बसवला. बासरीच्या जागेपर्यंत फीत आणली. घसा साफ केला. लाल बटण दाबलं.

यंत्रातून संगीताचा आवाज येईना. क्षणभर दचकलो. मग वाटलं, आता ते ऐकतंय; बोलणाऱ्यापुढे श्रोत्याने गप्प बसावं, हीच रीत. सूर मनात चालू होताच. बोटांवर मात्रा मोजत नऊही कडवी म्हटली, चालीवर. नावाच्या जागी थांबलो, दर वेळी चार मात्रा. तेवढ्या जागेत बासरी ऐकू येईल असा हिशेब.

सातव्या कडव्याला आवाज कापला, पण निभावलं.

परत लावून ऐकणार होतो, तेवढ्यात अंगणात बायकांचं बोलणं आलं. बोळा काढून टाकला. उद्या तीच लावेल. तिच्याबरोबरच ऐकीन. वर्गात निकाल वाचण्याआधी व्हायची तशी धडधड होते आहे.

१५ फेब्रुवारी, सोमवार

लिहायलाच हवं.

तीन वाजता तिने टेप लावला. मी ओट्यावर होतो. पाणी ठिबकलं, घंटा झाली, तार चढली, ढोल पडले. नववं मिनिट आलं. खट असा आवाज झाला. मग एक म्हातारा खोकला.

आणि मग माझा आवाज आला. नुसता माझा. खाली काही नाही. बासरी नाही, पेटी नाही. पावसाळी रेडिओसारखी खरखर आणि तिच्यात मी, बेसूर, पाळणा म्हणतोय. नावाच्या जागी नुसती खरखर. नऊ वेळा.

उठून जाऊन बंद करावं हे मला सुचलं नाही. तिनेही केलं नाही. नऊही कडवी झाली. पुन्हा खट. मग संगीत एका ढोलाच्या मधूनच सुरू झालं, आणि तिने टेप बंद केला.

बाहेर आली. रडत नव्हती. म्हणाली, "अण्णा, ह्या घरात तेवढीच एक जागा होती, जिथं मला कोणी काही सांगत न्हवतं."

आणि आत गेली.

मनकर्णा चुलीपाशी होती. तिनेही ऐकलं होतं. "कवा लिवलं होतं हे?"

"आश्विनात."

"ती यायच्या आधी?"

मी मान हलवली. मला वाटलं आता बोलेल, तोंडाला येईल ते बोलेल. पण तव्यावरची भाकरी जळून काळी झाली तरी तिने उलथली नाही.

१७ फेब्रुवारी, बुधवार

बन्सीधरकडे गेलो. त्याने फीत पुढे-मागे केली. कान लावला. बराच वेळ माझ्याकडे बघेना.

"गेलं ते गेलं गुरुजी. वर नवं भरलं की खालचं राहत न्हाई."

"फळ्यावर राहतं," मी म्हटलं.

"हा फळा न्हाई ना गुरुजी."

दुसरी मिळेल का म्हणून विचारलं. औरंगाबाद, हैदराबाद, मुंबई, कुठेही. त्याने कागदावरची उभी अक्षरं बघितली. "काय म्हणून मागवू? नावच वाचता येईना."

२१ फेब्रुवारी, रविवार

चार दिवस मी घरात बोललो नाही. ठरवून नाही. तोंड उघडलं की तो खोकला ऐकू येतो.

टेप विमलने पुन्हा लावला नाही. सेल ओट्यावर तसेच पडून होते. आज दोघी देवळात गेल्यावर मी ते आत घातले आणि कॅसेट उलटी केली. ती दुसरी बाजू कोणी कधी लावलीच नव्हती.

ह्या बाजूला तीन चिजा आहेत. पहिलीत ढोल नाहीतच. नुसती पेटी, एकेक सूर, मधे एवढं अंतर की संपलं असं वाटावं. मी मोजायला बोटं उचलली आणि मग खाली ठेवली. पुढे काय येणार ते माहीत नव्हतं. मी काही ठरवलं नाही, काही बसवलं नाही.

ते तान्हं अंग हातात किती हलकं होतं, ते आठवलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा. त्याआधी आठवू लागलं की मी एखादी ओळ म्हणत असे.

बाजू संपून बटण आपोआप वर आलं, तरी बसून होतो. मनकर्णा परत आली तेव्हा तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पाण्याचा तांब्या माझ्याजवळ ठेवून गेली.

२४ फेब्रुवारी, बुधवार

विमल जेवताना म्हणाली, "मी शुक्रवारी जाते."

"राहा की होळीपस्तोर," मनकर्णा म्हणाली.

"जायचंच हाय तर होळी काय अन् शुक्रवार काय."

मला काही तरी म्हणायचं होतं. माहेर, सासर, उंबरठा, कितीतरी ओळी आहेत. एकही म्हटली नाही.

कॅसेट तिने बॅगेत घातली नाही. "दुसरी बाजू चांगली आहे," एवढं मी म्हणालो. ती म्हणाली, "तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या." रागाने म्हणाली की कसं, ते मला कळलं नाही.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

विमलला पोचवून आलो.

सेलूहून परभणी, परभणीहून ताडकळस. खिडकीशी ती, शेजारी मी. मनकर्णेने दिलेल्या पापडांचा डबा माझ्या मांडीवर. सेलूपासून परभणीपर्यंत एक शब्द नाही. पूर्वी असा प्रवास म्हणजे मी प्रत्येक झाडावर बोलत असे. आज झाडं गेली, हरभऱ्याची शेतं गेली, पेडगावचा फाटा गेला. मी डबा धरून बसलो होतो. बोलायचं नाही असा हट्ट नव्हता. सांगण्यासारखं काही नव्हतं.

परभणीच्या स्टँडवर गाडी बदलली. गाडी गावाबाहेर पडल्यावर खिडकीबाहेरच बघत ती म्हणाली, "कशी होती?"

कोण, असं मी विचारलं नाही.

सगळ्या ओळी तोंडाशी आल्या, कळ्या, दव, पहाटतारा. सगळ्या खोट्या. मी थांबलो. कंडक्टर तिकीट देऊन पुढे गेला. तिने घाई केली नाही.

"केस लय होते," मी म्हणालो.

"काळे?"

"काळे. कपाळावर चिकटलेले."

"नाक?"

"तुझ्या आईसारखं. बसकं."

ती किंचित हसल्यासारखी झाली. मग हसू गेलं. "डोळे मिटलेले होते?"

"मिटलेले. झोपल्यासारखी नव्हती दिसत. लोक म्हणतात तसं नव्हतं. पण चेहरा दुखल्यासारखाही नव्हता."

"हात?"

"मुठी होत्या. डाव्या मुठीत माझं बोट घालून बघितलं मी. नखं वाढली होती."

तिने पदर तोंडाशी धरला. खांदे हलायला लागले. पुढच्या बाकावरच्या बाईने वळून बघितलं. मी विमलच्या पाठीवर हात ठेवला. गाडी दोन गावांना थांबली आणि निघाली.

मग तिने तोंड पुसलं. "केस लय होते?" पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा सांगितलं. त्याच शब्दांत.

"कुठं ठिवली?"

"ओढ्याच्या वरच्या अंगाला. बाभळीखाली. पाणी येत नाही तिथं. मीच खणलं."

ताडकळसची घरं दिसायला लागली. लोक सामान काढायला उठले. स्टँडवर व्यंकटराव छत्री टेकून उभे होते, उन्हात डोळे बारीक करून गाड्या बघत होते. विमल उठली नाही.

"थंडी होती ना अण्णा त्या दिवशी?"

"होती. मी उपरण्यात गुंडाळलं होतं तिला. दुहेरी करून."

"तुमच्या?"

"माझ्या."

तिने माझ्या मांडीवरचा डबा घेतला.

"बरं केलं," ती म्हणाली आणि उतरली.